पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर चालवायची बोटीची मोटर : ५५ पाउंडी विजेच्या मोटरचा अनुभव

बोटीच्या मोटरींबद्दल लिहिणारे वेगापासून सुरुवात करतात. मी बोट पाण्यात सोडायच्या उतारापासून करते, तेही त्याच्या कोरड्या टोकापासून. ज्या जलाशयाचं पाणी पुढे लोकांच्या नळाला जातं, तिथे मोटरची पहिली परीक्षा पाण्यात होत नाही. ती तपासनिसाच्या टॉर्चखाली होते. तिथे नापास झालात तर तुमची मोटर किती जोरात पळते हे कुणालाच कळणार नाही, कारण ती पाण्यात उतरणारच नाही.

माझी सगळी नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. गढूळपणा, क्लोरीन, जिवाणू, पुन्हा गढूळपणा. आता कॅमेरा घेऊन पाणपक्ष्यांच्या मागे असते. नवरा त्याच बोटीत मागे बसून गळ टाकतो आणि मी पक्ष्यांच्या जवळ जायला सांगितलं की मासे तिथे नाहीत म्हणतो. बोट साधी आहे: बारा फुटी, अॅल्युमिनियमची, सपाट तळाची. मोटर मागच्या फळीला शिकंजाने अडकवायची, हाताने वळवायची, १२ व्होल्टची, ५५ पाउंड जोराची. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं बरंचसं या जातीच्या सगळ्याच मोटरींना लागू आहे आणि ज्या तक्रारी आहेत त्याही जातीच्याच आहेत.

पेट्रोलचं इंजिन का नको, हा प्रश्न आधी निकालात काढते. जुन्या पद्धतीच्या, कार्ब्युरेटर असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनातून पेट्रोलचा पाव हिस्सा न जळताच बाहेर पडू शकतो, आणि बोटीच्या इंजिनाचं ‘बाहेर’ म्हणजे पाणीच. एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन (कर्करोग करू शकणारं रसायन) धरलं तर ते आठ-नऊ ग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. भागाकार करा: एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन साधारण आठ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. बेंझीन पटकन उडून जातं, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं होत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण नियम करणाऱ्याला हा भागाकार करावाच लागतो. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर अशा टू-स्ट्रोक इंजिनांना १९९९ मध्ये बंदी आली ती याच प्रकारच्या हिशोबातून. पिण्याच्या पाण्याच्या पुष्कळ जलाशयांवर तर इंधनाचं कुठलंच इंजिन चालत नाही, वल्ही किंवा वीज एवढेच पर्याय. काही ठिकाणी विजेलाही परवानगी नाही. न्यूयॉर्क शहराला पाणी देणाऱ्या बहुतेक जलाशयांवर अजून वल्ह्यांच्याच बोटी दिसतात, त्याही वाफेने धुऊन घेतलेल्या. तेव्हा मोटर मागवण्याआधी तुमच्या जलाशयाची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा. बॉस्टनला पाणी देणाऱ्या क्वाबिन जलाशयावर ठरावीक भागात मासेमारीच्या बोटी चालतात आणि त्याच व्यवस्थेतल्या वॅच्युसेट जलाशयावर अजिबात नाहीत. एकाच शहराचं पाणी आणि नियम असे दोन टोकांचे, त्यामुळे शेजारच्या तलावावर चालतं हा युक्तिवाद कुणी ऐकून घेत नाही.

आता तपासणी, म्हणजे बोटीबरोबर दुसऱ्या पाण्यातले परके जीव येत नाहीत ना हे बघणं. इथे या मोटरने माझं मन जिंकलं. पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन थंड राहण्यासाठी तलावाचं पाणी आत ओढून घेतं आणि बाहेर काढल्यावरही त्याच्या पोटातल्या वाटांमध्ये थोडं पाणी राहतं. झेब्रा आणि क्वागा या परक्या, झपाट्याने पसरणाऱ्या शिंपल्यांची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक असतात आणि त्यांना प्रवासाला एवढंसं पाणी पुरतं. म्हणून तशा इंजिनात आतून गरम पाणी सोडावं लागतं, ते पुरेसं तापून बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि मागे रांग वाढत जाते. विजेच्या मोटरचा पाण्यातला भाग बंद डबीसारखा असतो. पाणी आत घ्यायचं तोंडच नाही, त्यामुळे आत लपायला जागाही नाही. तपासनीस पंखा फिरवून बघतो, पंख्यामागे गवत अडकलंय का पाहतो, दांड्यावरून हात फिरवतो की झालं. हात फिरवायचं कारण असं की नुकते चिकटलेले शिंपले दिसण्याआधी हाताला लागतात. पत्रा पॉलिशपेपरसारखा खरखरीत वाटतो.

हा सगळा जाच कशासाठी असं उतारावर उभे असलेले लोक दर वेळी म्हणतात. क्वागा शिंपले अमेरिकेतल्या मीड सरोवरात जानेवारी २००७ मध्ये सापडले. आज तिथले पाइप, जाळ्या, पंप यांवर त्यांचे थर असतात आणि ते खरवडत राहणं हे कायमचं काम होऊन बसलंय. इंग्लंडमध्ये ग्रॅफम वॉटर या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात शिडाच्या बोटी आणि मासेमारी दोन्ही जोरात चालतात; तिथे २०१० मध्ये ‘किलर श्रिंप’ नावाने बदनाम झालेला परका जीव सापडला आणि पुढच्याच वर्षी ‘तपासा, धुवा, वाळवा’ ही मोहीम देशभर निघाली. क्वाबिनवर २००९ मध्ये, राज्यातल्याच दुसऱ्या तलावात झेब्रा शिंपले मिळाल्याबरोबर, बाहेरच्या खासगी बोटी बंद केल्या गेल्या. नंतर धुऊन किंवा ठरावीक काळ कोरड्या ठेवून, सील लावून त्यांना आत घेऊ लागले. ते सील म्हणजे बोट आणि ट्रेलर एकमेकांना बांधणारी एक तार असते. ती तार तुटलेली दिसली की मधल्या काळात बोट कुठे बुडवून आणली नाही ना, ही शंका येते आणि सगळं पहिल्यापासून.

मोटर सुटली तरी बोट सुटत नाही, हेही सांगून ठेवते. तपासनीस आमच्या बाकाखालच्या फोमकडे संशयाने बघतात. तो फोम बोट तरंगती ठेवण्यासाठी असतो, पण जुना झाला की पाणी धरतो. तळावर गालिचा घातला असेल तर तो आधी काढून टाका. दिसायला छान, पण आठवडाभर ओला राहतो. ट्रेलरच्या पोकळ नळ्या, नांगराचा दोर, जिवंत मासे ठेवायची टाकी या सगळ्यात पाणी राहतं. तळाचं बूच प्रवासात उघडंच ठेवायचं. हवा भरून फुगवायच्या बोटी घेणाऱ्यांनी तर आधीच चौकशी करावी, कारण त्यांच्या शिवणीत आणि तळाच्या चटईखाली वाळू जाते आणि काही जलाशयांवर त्या चालतच नाहीत. गरम पाण्याच्या फवाऱ्याला बोटीच्या बाहेरून ६० अंश सेल्सिअस लागतं. तो फवारा मोटरच्या वरच्या डोक्यावर मारू देऊ नका. पाण्यातला भाग बंद आहे, डोकं नाही. मी तिथे प्लास्टिकची पिशवी बांधते आणि तपासनिसाला तसं सांगते.

पाण्यात उतरल्यावर काय? ५५ पाउंड म्हणजे साधारण २४५ न्यूटनचा रेटा. पूर्ण जोरात मोटर ५० अँपियरच्या आसपास ओढते, म्हणजे ६०० वॉट, म्हणजे पाऊण अश्वशक्तीहून जरा जास्त. दोन माणसं, कॅमेऱ्याची पेटी आणि नवऱ्याचे डबे घेऊन आमची बोट भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते. याहून जास्त अपेक्षा असणाऱ्यांनी ही जात घेऊ नये आणि घेतल्यावर खालच्या प्रतिक्रियांमध्ये रडू नये. दुप्पट वेगाला ढोबळमानाने आठपट ताकद लागते, हे पाण्याचं गणित आहे, कंपनीचा कंजूसपणा नाही. हेच गणित उलटं वापरलं की फायदा कळतो. वेग जरा कमी केला की बॅटरीची बचत डोळ्यांत भरण्यासारखी होते. पक्ष्यांसाठी तर मला पाच-सहा अँपियरच पुरतात. त्या वेगाला मोटरचा आवाज मला ऐकू येत नाही, आणि टिबुकल्यांनाही येत नसावा असं त्यांच्या बेफिकिरीवरून वाटतं.

वेग बदलायच्या दोन पद्धती बाजारात आहेत. स्वस्त मोटरींना पुढे जायच्या पाच आणि मागे यायच्या तीन पायऱ्या असतात. त्यांत कमी वेगावर उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. दुसऱ्या प्रकारात वीज फार वेगाने चालू-बंद करून मूठ फिरवू तितका वेग मिळतो आणि वाया फारसं काही जात नाही. तुम्ही बराच वेळ हळू चालवणार असाल तर दुसरा प्रकारच घ्या. माझी तशी आहे, आणि बॅटरी दिवसभर पुरते याचं अर्धं श्रेय त्याला आहे.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मोटर विकणारे इथे गप्प बसतात. शंभर अँपियर-तासाची शिशाची बॅटरी तीस किलोच्या घरात जाते आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोची, जवळजवळ पूर्ण वापरता येते, आणि कलंडली तर तिच्यातून आम्ल सांडत नाही. शेवटचा मुद्दा पिण्याच्या पाण्यावर मला फार मोठा वाटतो. उघड्या झाकणांची शिशाची बॅटरी तिथे न्यायची झाली तर निदान बंद पेटीत, पट्ट्याने बांधून न्यावी.

पण लिथियम घेतलीत की या मोटरचा सर्वांत मोठा दोष समोर येतो. मोटरच्या डोक्यावर बॅटरी दाखवणारे दहा दिवे आहेत. ते दिवे बॅटरीचं व्होल्टेज मोजतात आणि त्यांची मोजपट्टी शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेली आहे. शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज वापराबरोबर हळूहळू उतरतं. लिथियमचं तसं नसतं. ते १३ व्होल्टच्या आसपास ठाण मांडून बसतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यामुळे दहाच्या दहा दिवे तुम्हाला आनंदाने हिरवे दिसत राहतात, आणि मग बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. शिशाची बॅटरी दमत दमत जाते, तुम्हाला काठाकडे वळायला वेळ देते. लिथियम बॅटरी पूर्वसूचना देत नाही. मोजणी यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी ते काय मोजतं हे विचारायचं, ही आमच्या प्रयोगशाळेतली पहिली शिकवण. म्हणून मी पहिल्याच दिवशी बॅटरीच्या ऋण टोकाला शंट लावून आत-बाहेर जाणारे अँपियर मोजणारं छोटं मीटर बसवलं. ते खरं बोलतं. मोटरवरच्या दिव्यांवर मी काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे. आज लिथियम बॅटऱ्या इतक्या सर्रास वापरात असताना कंपन्यांनी अजून शिशाचीच मोजपट्टी चालू ठेवावी याचं मला नवल वाटतं. एक बटण देऊन बॅटरीचा प्रकार निवडायची सोय करणं काही अवघड नाही.

बॅटरीजवळ ६० अँपियरचा सर्किट ब्रेकर हवाच, तो खोक्यात येत नाही. बरोबर आलेली तार ठीक आहे, पण बॅटरी पुढे ठेवायची म्हणून ती लांबवायची असेल तर जाड तार घ्या. बारीक तारेने जोडलीत तर मोटर मंद होते आणि तार तापते. बॅटरी पुढे ठेवण्याचा विचार मात्र चांगला आहे. मोटर, बॅटरी आणि नवरा तिघंही मागे बसले की बोटीचं तोंड वर उचललं जातं.

दुसरी तक्रार सुरक्षेची. या मोटरला माणूस पाण्यात पडला तर आपोआप बंद होण्याची दोरी नाही. पेट्रोलच्या इंजिनांना ती असते: एक टोक मनगटाला, दुसरं कळीला. इथे हाताची मूठ सुटली तरी पंखा त्याच वेगाने फिरत राहतो आणि बोट तुमच्याशिवाय निघून जाते. वेग कमी आहे म्हणून गरज नाही असं कंपनीला वाटत असावं. पण अंगावर कपडे असताना, गार पाण्यात, भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाणारी बोट पोहून गाठून दाखवा. शिवाय खोल जलाशयाचं पाणी वरच्या थरापुरतंच उबदार असतं, आणि वसंतात तर तेवढंही नसतं. अचानक गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही. जीवरक्षक जाकीट अंगात हवं, बाकाखाली नको.

पोहायची बंदी मात्र वेगळ्या कारणासाठी असते आणि लोक दोन्ही एकत्र करून टाकतात. इथे माझी जुनी नोकरी बोलते आहे, सहन करा. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यांतून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी चार ते सहा मायक्रॉनच्या कवचात राहतो आणि नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो नळाच्या पाण्यातून पोचला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. तिथे पोहणाऱ्यांचा दोष नव्हता, पण तेव्हापासून पाणीपुरवठ्यातल्या माणसांना ‘पुढे शुद्धीकरण आहेच ना’ हे वाक्य पुरेसं वाटत नाही. म्हणून पाय सोडून बसायचं नाही, कुत्र्याला पाण्यात सोडायचं नाही, आणि लहान मुलाच्या लंगोटाबद्दल वेगळा नियम. या मोटरपुरता याचा संबंध एवढाच की बोट उतारावरून ढकलताना पाण्यात उतरावं लागू नये. मोटर तिरकी करून वर उचलायचा खटका सोपा हवा. आमचा खटका नवीन असताना दगडासारखा घट्ट होता, आता सैलावलाय. दहा वेगवेगळ्या कोनांत मोटर अडकते, उथळ पाण्यात त्याचा उपयोग होतो.

उथळ पाणी हा जलाशयाचा खास प्रकार आहे. नैसर्गिक तळ्याचा काठ वर्षानुवर्षं तोच असतो; जलाशयाचा काठ धरणावरचे लोक ठरवतात. पाणी खाली गेलं की काठावर मातीचा फिका पट्टा उघडा पडतो, उताराचं काँक्रीट संपून चिखल लागतो, आणि कालपर्यंत खोल असलेल्या जागी झाडाचा बुंधा किंवा जुन्या बांधाचे दगड पंख्याला भेटतात. दरी बुडवून केलेलं पाणी आहे ते. क्वाबिनसाठी १९३८ मध्ये चार अख्खी गावं कागदोपत्री बंद करण्यात आली होती. पंखा दगडावर आदळला तर मोटर वाचावी म्हणून त्याच्या मधोमध एक छोटी पिन असते. ती मुद्दाम कमजोर ठेवलेली असते आणि तीच तुटते. या मोटरची पिन बदलायला एक पाना आणि दोन मिनिटं लागतात, मला हे फार आवडलं. मात्र जादा पिन खोक्यात फक्त एक आहे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. दरी लांबट असते, दुपारनंतर वारा तिच्यातून सरळ धावतो, आणि आमची सपाट, हलकी बोट त्याच्यापुढे भिरभिरते. अशा वाऱ्यात ५५ पाउंड जेमतेम पुरतात. म्हणून जाताना वाऱ्यासमोर जायचं, येताना त्याच्या पाठीवर बसून यायचं. धरणाच्या भिंतीपासून, सांडव्यापासून आणि पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यापासून दूर ठेवणारी बोयांची रांग असते, तिच्या वाऱ्याकडच्या बाजूला मोटर बंद करून रेंगाळू नका. वल्ही कायम बरोबर. ती नियमात असोत वा नसोत.

कुणी घेऊ नये तेही सांगते. सोळा फुटांहून मोठी बोट असेल, तीन-चार माणसं नेहमी असतील किंवा जलाशय रुंद आणि वाऱ्याचा असेल तर २४ व्होल्टच्या वर्गात पाहा. कायक असेल तर ही जड होईल, तीस पाउंडांची पुरे. बाकीच्यांनी घ्यायला हरकत नाही. घेताना चार जादा पिना, ब्रेकर आणि शंटचं मीटर त्याच दिवशी मागवा, आणि अधूनमधून पंखा काढून मागे गळाची दोरी गुंडाळली आहे का ते बघा. ती बारीक नायलॉनची दोरी तिथलं रबरी सील कापते आणि पाणी मोटरच्या आत शिरतं. आमच्याकडे ती दोरी कुणाची असते हे विचारायची गरज पडत नाही.